भाकरीच्या ताटाशेजारचा कप

चोपडा तालुक्यातल्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय 41. घरची चार एकर शेती, निम्मी केळी, निम्मा कापूस. घरात नवरा, 72 वर्षांच्या सासूबाई, अकरावीतली मुलगी. मोठा मुलगा पुण्याला शिकतो. ताई दिवसाला सहा-सात कप चहा घेतात. पहाटे पाचला उठल्याबरोबर एक, आठ वाजता चहा-पोळी, शेतात अकराला एक, दुपारचं जेवण झालं की लगेच एक, चारला सासूबाईंच्या हातचा, संध्याकाळी कोणी ना कोणी येतंच त्यांच्यासोबत एक, आणि कधी कधी रात्रीची भांडी झाल्यावर. गेल्या महिन्यात वेचणी चालू असताना चक्कर आली म्हणून तालुक्याला दाखवलं, तर हिमोग्लोबिन 9.1 निघालं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि ‘चहा बंद करा’ एवढंच सांगितलं. ताईंनी बंद केला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोकं असं ठणकायला लागलं की मुलीवर विनाकारण ओरडल्या, आणि पातेलं पुन्हा गॅसवर चढलं. गोळी त्या सकाळच्या चहासोबतच घेतात, म्हणजे विसरायला होत नाही. मुलगा फोनवर सांगतो, चहा म्हणजे विष. त्याने ग्रीन टीचा डबा पाठवलाय. नणंदेने मोबाईलवर नेमकं उलटं पाठवलं, की चहा पिणारी माणसं जास्त जगतात. सासूबाई म्हणतात, मी आठ कप पिते, मला काय झालं? ताई विचारतात: ‘मला चहाचं व्यसन लागलंय का? चहा चांगला की वाईट, एकदाच काय ते सांगा. आणि सोडायचाच म्हटला, तर चार वाजता मी बसू कुठे?’

प्रिय ताई,

तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि पत्र हातात धरून मी थोडा वेळ तशीच बसून राहिले. पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंतच्या दिवसात तुम्हाला टेकायला मिळते ती ही एक वेळ. बाकी सगळे कप तुम्ही करता, इतरांच्या हातात देता आणि आपला उभ्या उभ्या पिता. चारचा तेवढा सासूबाई करतात आणि तुम्हाला ओट्यावर बोलावतात. म्हणून आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल: चारचा चहा सोडू नका. माझी तक्रार आहे ती दुसऱ्याच दोन कपांबद्दल, आठच्या आणि जेवणानंतरच्या.

‘चहा चांगला की वाईट’ असं विचारताना आपण चहा ही एकच गोष्ट धरून चालतो. पण पोटभर न्याहारीनंतर दोन-तीन तासांनी घेतलेला कप आणि पोळी बुडवून खाताना घेतलेला कप, एकाच पातेल्यातले असले तरी पोटात गेल्यावर सारखे वागत नाहीत. बाईच्या अंगात रक्त कमी असताना तर अजिबात नाहीत. तुमच्या घरात तिघं तीन गोष्टी सांगतात, आणि तिघांच्याही म्हणण्यात थोडं थोडं खरं आहे. एकेकाचं घेऊ.

नणंदेचं आधी. तिने पाठवलेलं खोटं नाही. ब्रिटनमधल्या 40 ते 69 वयाच्या सुमारे 5 लाख लोकांवर साधारण 11 वर्षं लक्ष ठेवून केलेला एक मोठा अभ्यास 2022 साली प्रसिद्ध झाला. रोज दोन किंवा त्याहून जास्त कप काळा चहा पिणाऱ्यांमध्ये त्या काळातल्या मृत्यूंचं प्रमाण न पिणाऱ्यांपेक्षा 9 ते 13 टक्क्यांनी कमी दिसलं. दूध-साखर घालणाऱ्यांमध्येही तसंच दिसलं. चहाच्या पानांत पॉलिफेनॉल नावाचे घटक भरपूर असतात, रक्तवाहिन्या आणि हृदय यांना ते पोषक ठरत असावेत असं बऱ्याच अभ्यासांतून पुढे येतं. चहात कॅफिन असतं, त्याने तरतरी येते. सोबत थिॲनिन नावाचा घटक असतो, त्यामुळे चहाची तरतरी कॉफीपेक्षा शांत वाटते. म्हणजे चहा घेतल्यावर तुम्हाला बरं वाटतं ते मनाचे खेळ नाहीत.

पण अशा अभ्यासातून एवढंच कळतं की चहा पिणारे जास्त जगले. ते चहामुळेच जगले, हे त्यातून सिद्ध होत नाही. आणि मला महत्त्वाचं वाटतं ते असं, की ती माणसं आणि तुम्ही यांच्या ताटात फरक आहे. मांस-मासे नेहमी खाणाऱ्याला लोहाचा एक भाग असा मिळतो की ज्याच्या वाटेत चहा फारसा येत नाही. तुमचं लोह येतं ज्वारी-बाजरीतून, डाळीतून, पालेभाजीतून. धान्या-भाजीतल्या या लोहाला चहा फार अडवतो.

कसा अडवतो, ते तुम्हाला पुस्तकातून सांगायची गरज नाही. तुमच्या घरी केळी आहे. कच्ची केळी लोखंडी विळीवर चिरली की पातं काळं पडतं, बोटंही काळी होतात, साबणाने जात नाहीत. कच्च्या केळीतला टॅनिन नावाचा तुरट घटक आणि विळीचं लोखंड एकमेकांना धरतात, त्याचा तो रंग. चहातही असंच टॅनिन असतं. उरलेला चहा लोखंडी कढईत ओतून ठेवून बघा, शाईसारखा काळा होतो. पोटात तुमच्या पोळीतलं लोह आणि चहातलं टॅनिन एकत्र आले की ते असेच एकमेकांना धरतात, आणि धरलेलं लोह आतड्यातून रक्तात न जाता तसंच बाहेर पडतं. पाव किंवा पोळीसारख्या जेवणासोबत चहा दिला तर लोहाचं शोषण निम्म्याहून जास्त घटतं, हे प्रयोगांत दिसलंय. चहात दूध घातल्याने हे टळत नाही. आपला चहा तर पाच-सात मिनिटं खळखळा उकळलेला, म्हणजे पत्तीतलं टॅनिन पुरतं उतरलेला.

आता तुमचे आठचे आणि जेवणानंतरचे कप बघा. दिवसात लोह मिळण्याच्या ज्या तीन वेळा, त्यातल्या दोन वेळा चहा ताटाशेजारी बसलेला आहे. आणि त्यातल्या पहिल्याच कपासोबत तुम्ही गोळी गिळता.

गोळीचं मला फार लागतं, कारण मी तेच केलंय. पहिल्या बाळंतपणाच्या वेळी मला रोज एक लोहाची गोळी लिहून दिली होती. सकाळचा चहा ठरलेला, म्हणून गोळीची डबी मी चहापत्तीच्या डब्याला टेकवून ठेवली होती. तीन महिने एकही दिवस चुकले नाही. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन जेमतेम तेवढंच. दवाखान्यात मला ‘गोळ्या नीट घेत नाहीस’ म्हणून चारचौघांत बोलणी बसली, आणि मी रडत घरी आले. गोळी कशासोबत घेतेस, हे कुणी विचारलंच नाही. पुढे आहारशास्त्र शिकताना हे प्रकरण वर्गात आलं तेव्हा मला ती डबी डोळ्यांसमोर दिसली. तुमच्या डॉक्टरांनी ‘चहा बंद करा’ म्हटलं त्यामागे हेच कारण असणार. दालनाबाहेर पन्नास पेशंट असले की कारण सांगायचं राहून जातं आणि नुसता हुकूम हातात येतो.

तुम्ही एकट्या नाही, हेही कळू द्या. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. त्याच्या आधीच्या सर्वेक्षणात हा आकडा 48 होता, म्हणजे वाढलाय. याचं सगळं खापर चहावर फोडणार नाही. पण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली आहाराबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत स्पष्ट लिहिलंय की जेवणाच्या आधी एक तास आणि नंतर एक तास चहा-कॉफी टाळावी. चहा सोडा, असं तिथेही म्हटलेलं नाही.

सासूबाईंचं म्हणणं. त्या आठ कप पितात आणि ठणठणीत आहेत, यावर मला वाद घालायचा नाही. पण त्यांची पाळी जाऊन वीस-पंचवीस वर्षं झाली असतील. रक्ताच्या प्रत्येक मिलिलीटरसोबत साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह जातं. दर महिन्याला तुमच्या अंगातून जेवढं जातं, तेवढं त्यांना आता भरून काढावंच लागत नाही. म्हणून तोच चहा त्यांना तितका नडत नाही. शिवाय त्या चहा बशीत ओतून पितात ना? ती सवय फार चांगली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने 2016 साली 65 अंशांपेक्षा जास्त गरम पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण ठरतात, असं जाहीर केलं. दोष चहाचा नाही, चटक्याचा. बशीत पसरलेला चहा दोन फुंकरांत निवतो. कपाला तोंड लावून जीभ भाजेपर्यंत घाईत पिण्यापेक्षा त्यांची पद्धत शंभर पटींनी बरी, तुम्हीही घ्या.

आता मुलाचं. त्याला आईची काळजी आहे, म्हणून त्याने डबा पाठवलाय. त्याला रागावू नका. पण विष-अमृत असा हिशोब इथे चालत नाही. हिरवा चहा आणि आपली काळी पत्ती एकाच झाडाची पानं. हिरव्याची पानं तोडल्यावर लगेच गरम करून तशीच वाळवतात, काळ्याची आधी हवेवर काळी पडू देतात. आपल्याकडच्या दाणेदार पत्तीसाठी ती चुरून, फाडून, गोल वळवून घेतात. हिरव्यातही टॅनिनच्याच कुळातले पदार्थ भरपूर आहेत आणि तोही जेवणासोबत घेतला तर लोह अडवतो. फायदा एवढाच की तो बिनसाखरेचा पितात. तुम्हाला चव आवडली तर प्या. औषध म्हणून नाक दाबून पिऊ नका. आणि ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल वजन कमी करायला म्हणून विकतात, त्या कुणी आणून दिल्या तर घेऊ नका; मोठ्या मात्रेत त्यांनी यकृताला त्रास झाल्याची उदाहरणं आहेत.

गुळाचा चहा केला की लोह मिळतं, असंही तुम्ही मध्येच लिहिलंय. गुळात थोडंफार लोह असतं, पण ते चहातच घातलं तर टॅनिनच्या तावडीत आयतं सापडतं. गूळ हीसुद्धा साखरच. गुळाची चव आवडत असेल तर जरूर करा, गॅस बंद करून मग गूळ घाला म्हणजे दूध फाटत नाही. रक्तवाढीचा उपाय म्हणून मात्र नको. गूळ-शेंगदाण्याचा लाडू दुपारी तीनला खाल्लात तर तो जास्त उपयोगाचा.

साखरेबद्दल पत्रात तुम्ही काही विचारलं नाही, पण मी मोजली. कपाला दोन चमचे, सहा कप धरले तर बारा चमचे. घरचा चमचा 5 ग्रॅमचा पकडला तरी 60 ग्रॅम. महिन्याला एकट्या तुमच्या पोटात 1,800 ग्रॅम साखर फक्त चहातून. जागतिक आरोग्य संघटना सांगते की साधारण 2,000 कॅलरी खाणाऱ्या माणसाने वरून घातलेली साखर दिवसाला 50 ग्रॅमच्या आत ठेवावी, आणि 25 च्या आत ठेवली तर उत्तम. सासूबाईंचे आठ कप धरा, मालकांचे धरा, मग घरात महिन्याला साखर किती लागते ते आठवा. एकदम निम्मी करू नका, कुणाला गोड लागणार नाही आणि तुमच्यावर सगळे चिडतील. आठवड्याला पाव चमचा कमी करा. जीभ महिन्या-दीड महिन्यात वळते, हे मी खूप घरांत पाहिलंय.

आता तुम्हाला बोचतंय तो प्रश्न: व्यसन लागलंय का?

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोकं ठणकणं, चिडचिड, मळमळ, कशात लक्ष न लागणं, ही कॅफिन अचानक बंद केल्याची नेहमीची लक्षणं. बारा ते चोवीस तासांत सुरू होतात, दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतात, आठवडाभरात जातात. शरीराला सवय झालेली असते, ती मोडताना ते कुरकुरतं. यात तुमचा मनाचा कच्चेपणा कुठेच नाही, आणि मुलीवर ओरडलात म्हणून तुम्ही वाईट आई होत नाही. तिला जवळ घेऊन सांगा की त्या दिवशी डोकं दुखत होतं. चहा कमी करायचा तो टप्प्याटप्प्याने, दर चार-पाच दिवसांनी एक कप. तसं केलं तर डोकं दुखणार नाही, दुखलं तरी थोडकं.

पोषण संस्थेच्या त्याच तत्त्वांत कॅफिनची दिवसाची मर्यादा 300 मिलिग्रॅम दिली आहे, आणि 150 मिलीच्या कपभर चहात ते 30 ते 65 मिलिग्रॅम असतं. घरचे कप छोटे असले तरी सात कप कडक चहा त्या मर्यादेच्या जवळ जाऊ शकतो. शिवाय घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मं पाच-सहा तासांनंतरही अंगात असतं. रात्री आठ-नऊला भांडी घासून घेतलेला कप मध्यरात्री जागाच असतो. तुम्ही लिहिलंय, ‘अंग मोडून गेलेलं असतं तरी झोप लागत नाही, आणि सकाळी चहाशिवाय डोळे उघडत नाहीत.’ यातलं एक दुसऱ्याला ओढतंय. (आमच्या गरोदर वाचक बहिणींसाठी: तुमची मर्यादा याहून कमी, साधारण 200 मिलिग्रॅम.)

आणि चहा भूक मारतो. तुमच्या पत्रातली एक ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली: ‘सकाळी चहा-पोळी झाली की एकपर्यंत काही लागत नाही.’ ताई, पाच तास वाकून वेचणी करणाऱ्या बाईला काही लागत नाही, असं कसं होईल? लागतं. चहा-साखर ते कळू देत नाही. शिळी पोळी चहात बुडवून खाणं हे आपल्याकडे बायकांचं जेवण झालंय. ताजी भाकरी डब्यात जाते, मुलांना जाते, उरलेलं चहासोबत आपलं. तुमच्या चक्करेचं मूळ शोधायला मी निघाले तर मला पत्तीच्या डब्याआधी हे ताट दिसतं.

म्हणून मला वाटतं तुम्ही असं करून बघावं. पहाटे पाचचा कप राहू द्या, त्याआधी पेलाभर पाणी प्या. छातीत जळजळत असेल तर आधी एक केळं खा, घरचंच आहे. आठ वाजता चहा नाही. तेव्हा पोळी किंवा भाकरी भाजीशी, डाळीशी, नाहीतर शेंगदाण्याच्या चटणीशी खा आणि वर लिंबू पिळा. लिंबातलं, आवळ्यातलं, पेरूतलं क जीवनसत्त्व लोहाला आत घ्यायला मदत करतं, चहाच्या नेमकं उलट. थंडीत भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी असते तेव्हा तर तुमचं ताट मुळातच चांगलं आहे, त्याच्यासोबत फक्त कप नको. अकराचा शेतातला चहा ठीक, न्याहारीला तीन तास झालेत आणि जेवायला दोन तास आहेत. एकला जेवण, त्यानंतरचा कप बंद. पहिले आठ-दहा दिवस तोंड मागेल. बडीशेप चघळा, नाहीतर ताक घ्या. ताकाचाही लोहाला थोडा अडसर होतो, म्हणून तेही जेवणानंतर जरा थांबून. चारचा सासूबाईंचा कप पूर्ण. संध्याकाळी पाहुणा आला तर त्याला चहा, तुम्हाला परसातल्या गवती चहाच्या पातीचा आणि आल्याचा काढा. त्यात पत्ती घातली नाही तर ना टॅनिनचा त्रास, ना कॅफिनचा. कप हातात असला म्हणजे झालं, आत काय आहे ते कोण बघतंय? रात्रीचा कप नाही.

सातचे तीन झाले. एकदम करू नका, आधी जेवणानंतरचा सोडा, मग आठचा, मग रात्रीचा.

गोळी रात्री झोपताना, जेवणाला दीड-दोन तास झाल्यावर, लिंबू-पाण्यासोबत घ्या. डॉक्टरांनी वेगळी वेळ सांगितली असेल तर ती पाळा, पण चहा-दुधासोबत नको, आणि कॅल्शियमची गोळी असेल तर दोघींमध्ये काही तासांचं अंतर ठेवा. शौचाला काळं होईल, घाबरू नका. मळमळ किंवा बद्धकोष्ठ फार झालं तर गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगा, ते प्रकार किंवा मात्रा बदलून देतात. थायरॉइडची गोळी घेणाऱ्या वाचकांनीही हे लक्षात ठेवावं: ती नुसत्या पाण्यासोबत, चहा अर्ध्या ते एका तासाने.

भाजी शक्य तेव्हा लोखंडी कढईत करा. शेवग्याचा पाला, मेथी, तीळ, बाजरी, हरभरा वाढवा. घरात मटण-मासे चालत असतील तर आठवड्यातून एकदा तरी, आणि त्यातला वाटा तुमच्या ताटातही पडू द्या.

डॉक्टरांकडे पुन्हा जाल तेव्हा चार गोष्टी विचारा, संकोच करू नका. पाळीत रक्त फार जातं का, याचं मोकळं उत्तर द्या. 41 व्या वर्षी हे कारण फार बायकांत असतं आणि त्याच्यापुढे चहाचा वाटा क्षुल्लक ठरतो. केळीच्या ओल्या बागेत अनवाणी चालत असाल तर पायातून शिरणारे आकडेकृमी आतड्यात रक्त पितात, त्यांची गोळी असते. फेरिटिनची तपासणी करता येईल का, हे विचारा, म्हणजे साठ्यातलं लोह किती आहे ते कळेल. आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या आपल्या पट्ट्यात, विशेषतः आदिवासी समाजांत, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे; घरात, माहेरी कुणाला असेल किंवा कुणाला वारंवार सांधेदुखी-कावीळ होत असेल तर ती तपासणी आधी. त्या आजारात लोहाची गोळी तपासल्याशिवाय घ्यायची नसते. 2023 पासून सिकलसेलसाठी राष्ट्रीय मोहीम चालू आहे, सरकारी दवाखान्यात विचारा.

मालक शेतात चहा हॉटेलातून प्लास्टिकच्या पिशवीत आणतात, असं तुम्ही सहज लिहिलंय. पातळ प्लास्टिकमध्ये उकळता चहा नको. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी 2020 साली दाखवलं की कागदी कपात गरम द्रव पंधरा मिनिटं ठेवला तर 100 मिलीमध्ये सुमारे 25,000 सूक्ष्म प्लास्टिकचे कण उतरतात, कारण त्या कपाला आतून प्लास्टिकचा थर असतो. स्टीलची किटली घरून द्या आणि स्टीलचेच पेले.

मुलीबद्दल तुमच्या पत्रात एकच ओळ आहे: ‘तिलाही सकाळी चहा-बटरच लागतं, दुसरं काही खात नाही.’ ती सोळा-सतरा वर्षांची, वाढीचं वय, पाळी चालू, आणि सकाळी सहाच्या बसला चहात बुडवलेलं बटर खाऊन निघते. तिचं हिमोग्लोबिन तपासलंय का? या आठवड्यात तपासा. शाळेत असताना दर आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळायची ती ती खरंच गिळत होती का, हेही प्रेमाने विचारा. चव आवडत नाही म्हणून पुष्कळ मुली दप्तरात टाकतात. मुलीला ‘चहा सोड’ म्हणून ती सोडणार नाही. पण तुम्ही आठ वाजता लिंबू पिळलेली पोळी-भाजी खायला बसलात आणि पहाटे तिचाही एक घास बांधून दिलात, तर ती बघते आहे.

सासूबाईंना हे कसं सांगायचं, असा तुमचा शेवटचा धाक. लिंबाची गोष्ट, विळीची गोष्ट त्यांना सांगा. ज्यांनी आयुष्यभर केळी चिरली त्यांना ती लगेच पटेल. आणि त्यांना म्हणा की डॉक्टरांनी बाकीचे कप काढलेत, तुमच्या हातचा तेवढा ठेवलाय. दारावर आलेल्याला आपण ‘चहा पिसन जाय’ म्हणतो ते पत्तीसाठी म्हणत नाही, तुम्हालाही ठाऊक आहे, त्यांनाही. एखाद्या घरी नाहीच म्हणता येत नसेल, दुःखाचं घर असेल, सुपारी फुटली असेल, तर अर्धा कप घ्या आणि त्या दिवशी जेवण तासभर पुढे ढकला.

गोळ्या नीट लागू पडल्या तर महिन्याभरात हिमोग्लोबिन निदान एकाने वाढायला हवं. तेव्हा महिन्याने तपासा. वाढलं तर पुढे आकडा 12 च्या वर गेल्यावरही गोळ्या लगेच बंद करू नका, साठा भरायला आणखी तीनेक महिने लागतात. वाढलं नाही तर ‘गोळ्या घेत नाहीस’ असं कुणी म्हणण्याआधी तुम्हीच सांगा की गोळी रात्री लिंबू-पाण्यासोबत घेते, चहा जेवणापासून तासभर लांब ठेवलाय, आता पुढचं कारण शोधा. आणि तो आकडा मला कळवा, तुमचा आणि मुलीचा, दोन्ही.